झिजलेले कोपरे

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. हल्ली माझ्या पोटात शर्टाच्या गुंड्या, दोऱ्याची रिळं आणि एक बोथट कात्री असते. लोइस हॅकेट नावाच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी माझी जागा आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी आपलं कौतुक सांगतात. माझंही कौतुक खूप झालं, तेही सांगेन. पण आधीच कबूल करून टाकते की मला माझ्या आयुष्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायीच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म १९११ सालचा, ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या गावातला. तिथे एल्म रस्त्यावर मुलींच्या सोरोरिटीचं घर होतं. सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं भगिनीमंडळ. तीन ग्रीक अक्षरांचं नाव, एक गुप्त शपथ, एकच छप्पर, आणि जन्मभर एकमेकींना बहीण म्हणायचं. त्या घरामागचं अक्रोडाचं झाड वादळात पडलं आणि त्यातून मला घडवलं ते एमॉस क्रीगर या सुताराने. एरवी तो चर्चची बाकं आणि शवपेट्या करायचा. त्याने मला समोर हात जाईल एवढं गोल भोक ठेवलं आणि त्यावर मखमलीचा पडदा लावला. आत एक पसरट ताट बसवलं, ताटामागे एक खाच, आणि खाचेखाली खण. ताटात दोन प्रकारची मतं असायची. मेपलच्या लाकडाच्या पांढऱ्या गोळ्या आणि अक्रोडाचे काळे चौकोनी ठोकळे, दोन्ही आकाराने सारखेच, दोन्ही एकत्र मिसळलेले.

रीत अशी होती. दर शरद ऋतूत नव्या मुली घर बघायला येत, चहा पिऊन जात. मग सगळ्या भगिनी पांढरे हातमोजे घालून दिवाणखान्यात जमत. एकेका नव्या मुलीचं नाव घेतलं जाई, आणि प्रत्येक भगिनी माझ्या पोटात हात घालून एक मत खाचेत टाकी. सगळ्या गोळ्या निघाल्या तर ती मुलगी बहीण झाली. चौतीस मतांत एक जरी काळा ठोकळा निघाला तरी ती बाद. कोणी टाकला ते विचारायचं नाही, का टाकला तेही विचारायचं नाही.

मला त्यांच्या हवाली करताना क्रीगरने एक गोष्ट बजावून सांगितली होती. गोल आणि चौकोनी यांतला फरक बोटांना कोपऱ्यावरून कळतो, आणि कोपरे वापरून वापरून झिजतात. "दहा वर्षांनी ठोकळे माझ्याकडे आणा, नवे करून देतो," तो म्हणाला. "आणि बायांनो, ते हातमोजे काढून मत द्या." बायांनी मान डोलावली, आणि पुढची पन्नास वर्षं यातलं काहीएक केलं नाही. दर सप्टेंबरात मला मात्र लिंबाच्या तेलाने पुसून लखलखीत करत. माझ्या पितळी कड्या घासत. पाहुण्यांना माझ्या लाकडाच्या रेषा दाखवत. मी फुगून जाई. आपण चांगल्या दिसतो म्हणजे आपण चांगल्या आहोत, असंच मला वाटे.

त्या पन्नास वर्षांत मी काय काय गिळलं ते सगळं सांगत बसत नाही. एकीचे मोजे रफू केलेले होते म्हणून ठोकळा पडला. एकीचं आडनाव पोलिश होतं म्हणून पडला. सावळ्या मुलींची नावं तर माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हती, दारातूनच परत जात. मी प्रत्येक वेळी नीट निकाल दिला आणि तेलाची वाट बघत बसले.

आता लोइसकडे येते. १९६० साली ती पिकवे नावाच्या खेड्यातून कॉलेजात आली आणि चौतीस गोळ्या मिळवून या घरात शिरली. लोइस गोड बोलायची, सुरेख हसायची, आणि वडील काय करतात असं कोणी विचारलं की घोड्यांचा व्यवहार करतात म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं. पिकवेत बिंगमन नावाच्या माणसाची एक गाडी होती. शेतावर गाय, घोडा मेला की ती गाडी येऊन तो उचलून नेई. लोइसचे वडील त्या गाडीवर बिंगमनच्या हाताखाली काम करत.

बिंगमनची मुलगी रोझेला ही लोइसची लहानपणापासूनची जिवलग मैत्रीण. दोघी एकाच वर्गात होत्या, पण आई आजारी पडली म्हणून रोझेला एक वर्ष घरी राहिली. लोइस तिला दर आठवड्याला पत्र लिही. तू नुसती ये, पुढचं माझ्यावर सोड, असं तिने किती वेळा लिहिलं त्याला गणती नाही. त्या पत्रांवर विसंबून रोझेला १९६१ च्या शरदात कॉलेजात आली आणि तिने एकाच घरात नाव दिलं. कॉलेजात अशी आणखीही भगिनीमंडळांची घरं होती, आणि बाकीच्या मुली तीन-चार घरांत नाव देत असत.

रोझेला चहाला आली, मोकळेपणाने बोलली, आणि वडील काय करतात असं विचारल्यावर तिने सरळ खरं ते सांगितलं. लोइसचं मात्र तिने काही सांगितलं नाही. लोइसने काय थाप मारली आहे ते तिच्या लगेच लक्षात आलं होतं, आणि तिने ती सांभाळून घेतली.

ती गेल्यावर घराची अध्यक्ष जेनीव्हा ॲश्बी खुर्चीत रेलून बसली. जेनीव्हा गावातल्या डॉक्टरची मुलगी, जिभेने तिखट. "पोरगी चांगली आहे गं," ती म्हणाली, "फक्त बाप भेटायला यायचा असेल तर वारा कुठल्या दिशेने आहे ते आधी कळवायला सांगा." सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने लोइस हसली. मी शेल्फवरून बघत होते. तिचे कान लाल झाले होते आणि तरी ती हसत होती.

मतदान रविवारी दुपारी होतं, जेवणानंतर. रोझेलाचं नाव आलं तेव्हा भगिनी रांगेने उभ्या होत्या. रीतीप्रमाणे एक मुलगी पियानो वाजवत होती, कारण मत खणात पडल्याचा आवाज दुसरीला ऐकू जाऊ नये. माझ्या खणाचा तळ किंचित उतरता आहे. गोळी पडली की घरंगळत मागे जाते. ठोकळा पडला की पडल्या जागी बसतो. पियानो चालू असला तरी जी माझ्यावर वाकलेली असते तिला हा फरक ऐकू येतो.

जेनीव्हाने हात घातला, आणि मित्रांनो, तिने गोळी टाकली. तिखट जिभेच्या त्या मुलीने न घुटमळता गोळी टाकली. चार-पाच जणींनंतर लोइस आली.

मी शपथेवर सांगते, ती गोळीच टाकायला आली होती. तिने ताटात चाचपलं. तिच्या बोटांत आला तो माझा सगळ्यांत जुना ठोकळा, चारी बाजूंनी झिजून गुळगुळीत झालेला. जाड हातमोज्यातून तो तिला गोल लागला. इथवरची चूक माझी. त्या ठोकळ्याची आणि माझी. तिने तो खाचेत सोडला, आणि तो खाली पडला आणि घरंगळला नाही.

लोइसने ऐकलं. तिचा हात माझ्या पोटात तसाच राहिला. हातमोज्यातून तिच्या बोटांना सुटलेला घाम मला लागला. मग तिने हात काढला आणि ती जागेवर जाऊन बसली.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. खण उघडण्याआधी अध्यक्षाने तीनदा विचारायचं, कोणाला मत पुन्हा द्यायचं आहे का. कोणी नुसता हात वर केला की सगळी मतं ताटात ओतून पहिल्यापासून मतदान व्हायचं. जेनीव्हाने विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना ती जरा थांबलीही. लोइस मांडीवर हात ठेवून बसून होती. हात वर केला तर तिची चूक सगळ्यांना दिसली असती, हे खरं. पण तेवढंच कारण नव्हतं. रोझेला या घरात आली नाही तर पिकवेची ती गाडीही आली नसती, आणि घोड्यांचा व्यवहार कायम राहिला असता. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मनात हे एका झटक्यात येऊन गेलं, आणि तेवढ्यात जेनीव्हाने माझा खण ओढला.

त्या संध्याकाळी निवड झालेल्या मुलींच्या दाराखालून आमंत्रणाची पाकिटं सरकवली गेली. रोझेला वसतिगृहात दार सताड उघडं ठेवून बसली होती, म्हणजे पाकीट आणणाऱ्याला वाकायला नको. लोइस तिच्याकडे गेली आणि ढसाढसा रडली. रोझेलानेच तिला जवळ घेतलं. हे मला कळलं ते फार पुढे, त्या दोघींच्याच तोंडून.

ठोकळा जेनीव्हाचाच, असं सगळ्या घराने धरून चाललं. टोमणा तिने मारला होता, मग दुसरं कोण असणार? कोणी विचारायचं नाही अशी रीत, त्यामुळे तिलाही नाही म्हणायची सोय नव्हती. मुली तिच्या पाठीमागे कुजबुजायच्या. पुढच्या वर्षी तिला कोणी अध्यक्ष केलं नाही.

माझे दिवसही फिरले. कागदाच्या चिठ्ठ्या आल्या, मग एका ठोकळ्याने मुलगी बाद करायची रीतच मोडली. मला तळघरात नाताळच्या झुरमुळ्यांखाली टाकलं. तिथे मखमल कसरीने खाल्ली, पितळ हिरवं पडलं. मला ही दैना अन्याय वाटायची. आता वाटतं, ठीकच झालं.

१९७४ साली तळघर साफ करताना जुन्या भगिनींना बोलावून आठवणीच्या वस्तू वाटल्या. कोणी चांदीचे चमचे नेले, कोणी फोटो. लोइसने मला मागून घेतलं. घरी आणल्यावर तिने गोळ्या मुलांना खेळायला दिल्या, ठोकळे शेगडीत घातले. एक ठोकळा तेवढा ठेवला. तोच. तो खणात मागे सारून तिने माझ्यात गुंड्या भरल्या.

त्या स्वयंपाकघरात मी पंचेचाळीस वर्षं मैत्री म्हणजे काय ते बघितलं. सोरोरिटीच्या मैत्रिणी वाईट नव्हत्या बरं का. लोइसचा नवरा वॉल्ट याची नोकरी गेली तेव्हा सहाजणी पाळी लावून जेवण आणून देत होत्या, आणि एकीनेही तसं बोलून दाखवलं नाही. त्यांचं एक पत्र गोल गोल फिरत असे. प्रत्येकजण त्यात आपला कागद घालून पुढे पाठवी. जेनीव्हाला मात्र त्या फेरीतून कधी वगळलं गेलं ते कोणालाच आठवत नाही.

आणि रोझेला होती. ती लोइसच्याच गावात शाळेत मास्तरीण झाली. दर गुरुवारी दुपारी ती यायची, पाय पुसायची, आणि न विचारता कपाटातून कप काढायची. लोइस तिच्यासाठी नाशपतीचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेली गोड पोळी, करून ठेवायची. वॉल्ट गेला तेव्हा रोझेलाने तीन दिवस ताटल्या धुतल्या. लोइसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सहा आठवडे बैठकीतल्या कोचावर झोपली. गुंडी हवी असली की ती माझ्या भोकात हात घाली, मनगटापर्यंत, आणि म्हणे, "लो, ही तुझी पेटी काय ऐवज आहे. कुठली गं?" लोइस सांगे, जुन्या बाजारातली. दर वेळी मला वाटे, मला हात फुटते तर मी तिचा हात धरून तिला खणापर्यंत नेलं असतं. मग वाटे, नेलं नसतं. मीही गप्पच बसले असते.

२०१९ च्या वसंतात सोरोरिटीच्या घराकडून पत्र आलं. मोठ्या वयाच्या बाईलाही भगिनी करून घ्यायची आता सोय आहे. लोइसच्या मैत्रिणींनी परस्पर ठरवलं होतं की रोझेला इतकी वर्षं आपलीच आहे, तिला मे महिन्यातल्या मेजवानीत शपथ द्यायची. पांढरा पोशाख हवा. त्या गुरुवारी रोझेला आपला जुना पांढरा झगा घेऊन आली. गळ्याची गुंडी तुटली होती.

ती खूश होती, पण झगा टेबलावर पसरता पसरता एकदम थांबली. "जेनीव्हा ॲश्बी येणार आहे म्हणे," ती म्हणाली. "व्हीलचेअरवरून. लो, मी म्हातारी झाले, पण त्या बाईच्या समोर मी शपथ घेणार नाही. माझ्या बापाला नाक मुरडून तिने मला दारातून हाकललं. चर्चच्या विक्रीत ती दोनदा माझ्याशी बोलायला आली होती, मी पाठ फिरवून निघून गेले. आता मी मैत्रिणींना कळवते, एक तर ती येईल, नाहीतर मी."

लोइस ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला. कपाटाच्या वरच्या खणातून तिचे स्वतःचे पांढरे हातमोजे काढले, पिवळे पडलेले. मग माझ्यातल्या गुंड्या टेबलावर ओतल्या, माझा खण उघडला, आणि मागचं काहीतरी रोझेलाला दिसणार नाही असं मुठीत घेऊन माझ्या ताटात ठेवलं.

"हातमोजा घाल आणि आत काय आहे ते सांग," ती म्हणाली.

"हा काय गं पोरखेळ?"

"घाल तर."

रोझेलाने हात घातला, चाचपलं. "गोळी आहे. लाकडाची."

"बाहेर काढ."

रोझेलाने हात काढून मूठ उघडली. पांढऱ्या हातमोज्यावर काळा ठोकळा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. ती शाळामास्तरीण, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे तो तुझा होता. चुकून."

मित्रांनो, इथे लोइसला थांबता आलं असतं. चूक माझीच होती, कोपरे माझेच झिजले होते. तिने सगळा दोष माझ्यावर टाकला असता तर मी तो आनंदाने घेतला असता. रोझेलाचा चेहराही हळूहळू मऊ व्हायला लागला होता.

"टाकला चुकून," लोइस म्हणाली. "पण पडल्याचा आवाज मी ऐकला. मला तेव्हाच कळलं. हात वर केला असता तर सगळं पुन्हा झालं असतं. जेनीव्हाने विचारलं होतं."

"किती वेळा?"

"तीनदा."

"आणि तू?"

"मी त्या घरात घोड्यांचा व्यवहार करणाऱ्याची मुलगी होते, रोझ. तू आली असतीस तर ते गेलं असतं."

रोझेलाने हातमोजा काढून घडी करून ठेवला. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, की त्या संध्याकाळी तू माझ्या खांद्यावर रडलीस ते कशासाठी? मग रोझेलाने जेनीव्हाचा नंबर मागून घेतला, ठोकळा पर्समध्ये टाकला, झगा हातावर घेतला आणि निघून गेली. गुंडी तशीच राहिली.

पुढचे पाच गुरुवार कोणी आलं नाही. लोइस नाशपतीचा पाय करायची आणि दोन दिवसांनी फेकून द्यायची. गुंड्या टेबलावरच पडून होत्या, तिने त्या भरल्या नाहीत. मी रिकाम्या पोटी बसून होते.

सहाव्या गुरुवारी दाराशी पाय पुसल्याचा आवाज आला. रोझेला आत आली, बसली, आणि कप काढला नाही. जेनीव्हाकडे तिच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. पाठ फिरवल्याबद्दल तिने जेनीव्हाची माफी मागितली होती, आणि जेनीव्हा म्हणाली होती की वाऱ्याचा टोमणा मात्र माझाच, त्याची माफी मला मागू दे. "शपथ मी घेणार नाही," रोझेलाने लोइसला सांगितलं. "मला आता बहीण नको. मेजवानीला येईन, जेनीव्हाच्या शेजारी बसेन. आणि तिथे सगळ्यांसमोर तू सांगायचंस."

"सांगेन," लोइस म्हणाली.

रोझेलाने पर्समधून ठोकळा काढला. माझ्या भोकात उघडा हात घालून तिने तो खाचेत सोडला. पियानो नव्हता. स्वयंपाकघर अगदी शांत होतं. टक.

"हाच आवाज?"

"हाच."

"एवढासा?"

"एवढासाच होता गं," लोइस म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. या वेळी रोझेला तिला जवळ घ्यायला उठली नाही. ती समोर बसून राहिली, लोइसचं रडणं संपेपर्यंत. मग म्हणाली, "कॉफी ठेव."

मेजवानी झाली. लोइस उभी राहिली आणि बोलली. काही मैत्रिणी अजून तिचा फोन घेत नाहीत. फिरतं पत्र आता जेनीव्हाकडेही जातं. गुरुवार चालू आहेत, पण गुंडी हवी असली तर रोझेला माझ्यात हात घालत नाही. पेटी उलटी करून सगळ्या टेबलावर ओतते आणि बघून घेते. तिचं बरोबर आहे.

मित्रांनो, मला तेल लावू नका, माझी मखमल बदलू नका. जुन्या वस्तूची निगा राखायचीच असेल तर तिचे कोपरे झिजले का ते आधी बघा, आणि हातमोजे काढून बघा. आणि कोणी तुम्हाला तीनदा विचारत असेल, तर माझ्यासारखं, लोइससारखं तिसऱ्या वेळेपर्यंत बसून राहू नका. हात पहिल्यांदाच वर करा.